फाईल आली, मराठी आली का?

पेनड्राईव्हवरची मराठी फाईल नव्या कॉम्प्युटरवर उतरवली म्हणजे ती वाचली, असे समजणाऱ्यांनी भालकीच्या माझ्या मावसभावाचे फोल्डर उघडून पाहावे. आजोबांच्या आठवणी त्याने जुन्या डीटीपी फॉन्टात टाईप केल्या होत्या. फाईली सगळ्या आल्या. पडद्यावर मात्र नुसती रोमन अक्षरे नि चिन्हे! त्या फॉन्टांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो, परक्या अक्षराच्या खुर्चीवर त्याचे चित्र बसवलेले असते. फॉन्ट जुन्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेला, चित्रही गेले. युनिकोडात देवनागरी १९९१ पासून आहे, तरी आम्ही ढिम्म!

बिदर-कलबुर्गीचा मराठी मुलूख १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला याचे दुःख आम्ही सांगतो. सांगावेच. पण आपलेच लेखन आपणच कुलूपबंद केले, त्याचा दोष कानडीला कसा देणार? (‘नुडी’तल्या जुन्या कानडी फाईलींचे रडगाणे हेच.)

गोव्यातल्या स्मरणिकावाल्यांनो, तुम्हीही ऐका. जुना कॉम्प्युटर काढण्याआधी फॉन्टचे नाव लिहून ठेवा, मजकूर युनिकोडात बदलून घ्या आणि रफार, जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा. गफलत तिथेच होते.