‘करावे लागले’ या क्रियापदाचा कर्ता

द्वितीय वर्षाच्या वर्गात प्रयोगाचे प्रकरण चालू होते. पाठ्यपुस्तकातल्या राम-रावणाच्या वाक्यांनी व्याकरण पाठ होते, पण दिसत नाही. म्हणून घरात कानावर पडलेली वाक्ये आणायला आम्ही मुलांना सांगतो. त्या दिवशी एका विद्यार्थिनीने फळ्यावर लिहिले, ‘वहिनीचे सिझर करावे लागले.’ कर्ता कोण, असे विचारताच कोणी ‘वहिनी’ म्हणाले, कोणी ‘डॉक्टर’. मागच्या बाकावरून ‘परिस्थिती’ असे उत्तर आले आणि वर्ग हसला. कर्ता अध्याहृत आहे एवढे सांगून तास पुढे सरकला. तास संपल्यावर ती मुलगी स्टाफरूममध्ये आली. वहिनीला पुन्हा दिवस गेले आहेत, पाचवा महिना चालू आहे, या वेळी नॉर्मल होऊ शकेल का, हे तिला विचारायचे होते.

आम्ही दोघी मराठी शिकवतो. वैद्यकाशी आमचा संबंध रुग्ण म्हणून आला तेवढाच. परंतु आम्हा दोघींचीही पहिली मुले सिझेरियनने झाली आणि दुसऱ्या खेपेला आम्ही दोन वेगळे निर्णय घेतले. एकीने कळांची वाट पाहिली, दुसरीने शस्त्रक्रियेची तारीख ठरवली. गेली कित्येक वर्षे एकाच टेबलावर डबे उघडत असूनही या निर्णयांविषयी आम्ही कधी नीट बोललो नव्हतो, हे त्या मुलीच्या प्रश्नाने लक्षात आले.

मागच्या बाकावरचे ते उत्तर पुन्हा पाहावेसे वाटते. मराठीत स्त्री ‘बाळंत होते’. ती ‘सुटते’, ‘मोकळी होते’. ‘अडली’ असे म्हटले तरी अडणारी तीच असते. ही सगळी क्रियापदे तिची आहेत. सिझेरियन आले आणि वाक्याची रचनाच बदलली. ‘तिचे सिझर झाले’, ‘सिझर केले’, ‘सिझर करावे लागले’. ती षष्ठीत गेली, म्हणजे ज्या देहावर काही घडले त्या देहाची केवळ मालकीण उरली. जुन्या शब्दांचे आम्हाला गोडवे गायचे नाहीत. ते शब्द प्रचारात होते त्या काळी बाजेवरच बायका मरत होत्या. ज्या शस्त्रक्रियेने त्यांतल्या असंख्य वाचल्या, तिच्याविषयी तक्रार करण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. आम्हा दोघींपैकी एक तर तिच्यामुळेच आज हा लेख लिहिते आहे. आमचे म्हणणे पुढच्या खेपेचे आहे. पहिल्या वेळी रात्री दीड वाजता बाळाचे ठोके मंदावले असतील, तर वाक्य कर्त्यावाचून असणे समजू शकते. दुसऱ्या वेळी मात्र हाताशी सात-आठ महिने असतात. तरीही वाक्य तेच येते, फक्त काळ बदलून: ‘आता सिझरच करावे लागेल.’

या ‘लागेल’ला शंभर वर्षांचा इतिहास आहे. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन यांनी १९१६ साली एका व्याख्यानवजा लेखात, एकदा सिझेरियन झाले की पुढेही सिझेरियनच, अशा अर्थाचे विधान केले. त्याचे पुढे ब्रीदवाक्य झाले. क्रेगिन यांचा रोख मात्र वेगळा होता. पहिली शस्त्रक्रिया विनाकारण करू नका, कारण तिचे परिणाम पुढच्या बाळंतपणांवर होतात, हे त्यांना सहकाऱ्यांना बजावायचे होते. या नियमाला अपवाद असतात, हेही त्यांनी तिथेच नोंदवले होते. शिवाय त्या काळी गर्भाशयाला वरच्या जाड भागात उभा छेद देत. तो छेद पुढच्या कळांत फाटण्याची भीती खरोखरच मोठी होती. १९२०च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या पातळ भागात आडव्या छेदाचा पुरस्कार केला आणि हळूहळू तोच रूढ झाला. छेद बदलला तरी वाक्य बदलले नाही. एखाद्या ओळीचा संदर्भ गळून ती सुभाषित होऊन बसते, याचा अनुभव साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. इथे मात्र तिचा परिणाम देहावर होतो.

आज जे माहीत आहे ते असे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्सने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, आधी एकच सिझेरियन आडव्या छेदाने झालेल्या आणि इतर अडचण नसलेल्या शंभर स्त्रियांनी कळांची वाट पाहिली, तर त्यांतल्या ७२ ते ७५ जणी योनिमार्गे बाळंत होतात. आधी एखादे मूल त्या मार्गाने झाले असेल तर हे प्रमाण ८५ ते ९०वर जाते. साधारण २००त एकीच्या बाबतीत कळांच्या दरम्यान गर्भाशयावरचा जुना व्रण फाटतो. तसे झाले तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो आणि मिनिटांच्या आत शस्त्रक्रिया करावी लागते. ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये ही भीती जवळजवळ नसते. बाळ दगावण्याचा धोका पहिलटकरणीच्या बाळाला असतो साधारण तेवढाच. कळा औषधाने आणल्या वा वाढवल्या तर व्रण फाटण्याचा धोका दुप्पट-तिप्पट होतो. दोन बाळंतपणांत अंतर फार कमी असेल तरीही तो वाढतो. आधीचा छेद उभा असेल, किंवा वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, तर कळांची वाट पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि वाट पाहूनही जमले नाही, तर ऐनवेळी होणारे सिझेरियन हे ठरवून केलेल्यापेक्षा अधिक जोखमीचे असते.

दुसऱ्या बाजूलाही जोखीम आहे, पण ती आज दिसत नाही. प्रत्येक सिझेरियनबरोबर पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणात रुतून बसण्याची शक्यता वाढते. अशी वार सुटत नाही, रक्तस्राव आवरत नाही आणि कधी गर्भाशयच काढून टाकावे लागते. वार खाली असलेल्या स्त्रियांविषयी २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हे प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्याच्या वेळी ११ आणि तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के आढळले.

हा सारा मजकूर आम्ही मराठीत लिहिला आणि लिहिताना कुठेही अडलो नाही, याकडे वाचकांचे लक्ष वेधतो. ‘कळा’, ‘वार’, ‘व्रण’, ‘पहिलटकरीण’, ‘रुतून बसणे’ हे शब्द आमच्या आज्यांनाही कळले असते. तरी दवाखान्यात आम्हाला जे ऐकू आले ते ‘रिस्क आहे’ एवढेच. कसली, किती, कोणाला, हे विचारल्यावर ‘टाके उसवू शकतात’ असे उत्तर मिळाले. ‘टाके’ ऐकले की बाईचा हात पोटाकडे जातो, कारण तिला माहीत असलेले टाके तिथे आहेत. ज्या व्रणाची चर्चा आहे तो आत, गर्भाशयावर आहे आणि पोटावरची आडवी खूण पाहून आतला छेद आडवा होता असे खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी शस्त्रक्रियेची नोंद पाहावी लागते. शिवणकामातून आलेला हा घरगुती शब्द समजावतो कमी आणि घाबरवतो जास्त. ‘ट्रायल देऊ’ हा दुसरा शब्द. कळांची वाट पाहण्याला आपल्याकडे सर्रास ट्रायल म्हणतात. परीक्षा व्रणाची असते, पण नापास झाल्याचे ओझे बाईच्या वाट्याला येते.

आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी घेतली तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल अवघे काही दिवस जगले होते. आनंदीबाईंवर मराठीत चरित्रे, कादंबरी, नाटक, चित्रपट सारे झाले. त्यांनी ज्या विषयाचा ध्यास घेतला, त्याचे साधे मराठी आपल्या प्रसूतिगृहांतल्या कागदांवर अजून उतरायचे आहे. असो.

आता आमच्याविषयी. वाट पाहणारीला एक वयस्क डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी आधीच्या शस्त्रक्रियेचा कागद मागितला, तो वाचला आणि कागदाच्या पाठीमागे दोन रकाने आखून दोन्ही बाजूंचे धोके लिहून दिले. शेवटी म्हणाल्या, ‘घरी जा, वाचा, पुढच्या वेळी तुम्ही सांगा.’ तिला सर्वाधिक आठवते ते हे ‘तुम्ही सांगा’. कळा चौदा तास चालल्या आणि मुलगी झाली. या कहाणीला विजयगाथेचे रूप देण्याचा मोह नातेवाइकांना फार झाला.

तारीख ठरवणारी तालुक्याच्या गावी राहत होती. तिथल्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येत आणि रक्तपेढी पन्नास किलोमीटरवर होती. तिने २००त एक हा आकडा ऐकला आणि ती एक मीच असले तर इथे काय होईल, असा विचार केला. दोनच मुले हवी होती, तेव्हा पुढच्या वारेचा प्रश्न तिच्यापुरता गौण होता. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही त्याच वेळी उरकणार होती. तिचा निर्णय आम्हा दोघींनाही आजही योग्य वाटतो. पण तो निर्णय होता, हे कोणी मानायला तयार नव्हते. सासरच्यांनी गुरुजींना विचारून अमावास्या टाळून वेळ काढून आणली. संमतिपत्र इंग्रजीत होते आणि परिचारिकेने पेन पुढे केले ते नवऱ्याकडे. बारशाला आलेल्या बायका हळहळल्या, ‘याही वेळी नॉर्मल नाही का झाली?’

या ‘नॉर्मल’ शब्दाचा आम्हाला दोघींनाही मनापासून तिटकारा आहे. त्याने एका वाटेला प्रमाणपत्र मिळते आणि दुसरीला व्यंग चिकटते. ‘नैसर्गिक’ त्याहून वाईट. निसर्गाने कशाकशाची सोय केली होती, ते जुन्या काळातल्या घराघरांतल्या सवाष्ण मरणांना विचारावे. डॉक्टरांचा दरारा आणि निसर्गाचे भजन हे दोन्ही बाईकडून एकच गोष्ट मागतात: तिने गप्प राहावे.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात दिलेला निकाल आपल्या विषयाला लागू पडतो. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका सज्ञान स्त्रीचे गर्भाशय, तिच्या आईची संमती घेऊन, काढले गेले होते. रुग्ण सज्ञान आहे आणि जिवावर बेतलेले नाही, तर आईची संमती ही तिची संमती होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णाला सांगितले पाहिजेत, असेही म्हटले. पर्याय सांगितले पाहिजेत, हे लक्षात घ्यावे. आईची सही चालत नसेल तर नवऱ्याची कशी चालते, हे आम्हाला उमगलेले नाही.

डॉक्टरांची बाजूही आम्हाला दिसते. एकट्याने प्रसूतिगृह चालवणाऱ्याने चौदा तास कळांपाशी थांबायचे, भूलतज्ज्ञाला ताटकळत ठेवायचे आणि काही विपरीत घडले तर जमावाला तोंड द्यायचे, हे सोपे नाही. अमेरिकेत सिझेरियननंतर योनिमार्गे बाळंत होणाऱ्यांचे प्रमाण १९९६ साली २८.३ टक्के होते, ते २००६मध्ये ८.५वर आले. दहा वर्षांत तिथल्या बायकांची शरीरे बदलली नव्हती. शस्त्रक्रियेची तयारी सदैव हाताशी हवी असा दंडक आला आणि खटल्यांच्या भयाने रुग्णालयांनी दारे लावून घेतली. आपल्याकडे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली २५.४ टक्के आणि गोव्यातली ३९.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याची नोंद आहे. देशभरातल्या खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होते. म्हणजे दुसऱ्या खेपेचा हा प्रश्न घेऊन आमच्या स्टाफरूममध्ये येणाऱ्या मुली वाढतच जाणार.

त्या विद्यार्थिनीला आम्ही काय करावे ते सांगितले नाही, तो आमचा अधिकार नाही. पहिल्या वेळचा कागद शोधायला सांगितला. छेद कसा होता, का द्यावा लागला, तिथे रात्री भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळते का, हे प्रश्न मराठीत लिहून दिले आणि ते वहिनीनेच विचारावेत असे बजावले. चार दिवसांनी ती आली. डिस्चार्ज कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत सापडले होते. त्यावर बाळाचे वजन होते, टाके काढण्याची तारीख होती, छेदाविषयी अक्षर नव्हते. २००२च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार रुग्णालयाने नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. वहिनीचे पहिले मूल अडीच वर्षांचे आहे, म्हणजे अजून मुदत आहे. अर्ज त्या मुलीने लिहून आणला होता, तो आम्ही शुद्धलेखनासाठी पाहिला. तिने भावाच्या नावाने लिहिला होता. ते नाव खोडून वहिनीचे घालायला लावले. सोमवारी वहिनी तो घेऊन जाणार आहे. ‘आई म्हणते मी पण येते,’ ती म्हणाली, ‘पण वहिनी म्हणाली, मी बोलेन, तुम्ही बाळाला सांभाळा.’