कात्री आधी कुठे लावायची?

सरकारी अनुदान आटले की महाविद्यालयांच्या बैठकांत एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. पैसा नाही, तर विद्यार्थी कमी असलेले विभाग बंद करा, स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम वाढवा आणि नॅक या मूल्यांकन संस्थेच्या श्रेणीसाठी इमारत तेवढी झकपक ठेवा. पैशाची चणचण खरी आहे. हे तिन्ही उपाय मात्र चुकीचे आहेत.

आधी छोट्या विभागांचे पाहू. अनुदानित महाविद्यालयात मंजूर पदावरच्या प्राध्यापकाचा पगार शासन देते. विभाग बंद केल्याने महाविद्यालयाच्या तिजोरीत फारसे काही पडत नाही. कार्यभार मात्र संपतो आणि पदावरचा हक्क जातो. गेलेले पद परत मिळवताना किती चपला झिजतात, हे प्राचार्यांना सांगायला नको. पुण्या-मुंबईचा विद्यार्थी शेजारच्या महाविद्यालयात जाईल. तालुक्याला असा शेजार नसतो. एसटीच्या पासावर येणाऱ्या मुलीचा भौतिकशास्त्राचा वर्ग बंद झाला, की तिच्यापुरते भौतिकशास्त्रच संपते.

स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांतून पैसा येतो, हे कबूल. पण ज्याला शुल्क परवडते तोच आत येतो आणि ज्याच्यासाठी अनुदान सुरू झाले तो दाराबाहेर राहतो. सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, ही तक्रार महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती. ती आपण आपल्या हातांनी पुन्हा खरी करायची का?

राहिली नॅकची श्रेणी. २०१७च्या चौकटीत संलग्न महाविद्यालयांच्या १००० गुणांपैकी ३५० गुण अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापनाला होते. पायाभूत सुविधांना ग्रंथालय धरून १००. ज्या श्रेणीसाठी फरशा बदलायच्या, तिचेही मोठे माप वर्गातच होते.

मग प्राधान्य कशाला? जो खर्च विद्यार्थ्यापासून सर्वांत दूर, त्याला कात्री सर्वांत आधी. समारंभ, कमानी, सुशोभीकरण आणि जाहिराती आधी थांबवा. कमी विद्यार्थ्यांच्या विषयांसाठी जवळपासच्या महाविद्यालयांनी प्राध्यापक आणि प्रयोगशाळा वाटून घ्याव्यात. ग्रंथालय, प्रयोगशाळेतली रसायने आणि ‘कमवा व शिका’ योजना यांना हात लावू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी पैशाच्या टंचाईतच गरीब मुलांना श्रमाच्या बळावर शिकवले. टंचाईचे कारण सांगून त्यांना परत पाठवले नाही.

सर्वांत आधी जपायचा तो प्रथम वर्षाच्या वर्गातला पूर्णवेळ शिक्षक. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेले मूल बहुधा त्याच वर्षी टिकते किंवा गळते. तासिका तत्त्वावरचा शिक्षक जीव ओतून शिकवतो, पण तास संपताच त्याला दुसऱ्या महाविद्यालयाची एसटी गाठायची असते. शंका विचारायला थांबलेले मूल तसेच उभे राहते. कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसाव्यात, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनीच बजावले होते.

प्राधान्यक्रम लावला म्हणजे कपात मान्य केली, असे नव्हे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्चाचे उद्दिष्ट १९६८च्या राष्ट्रीय धोरणात होते. २०२०च्या धोरणातही तेच आहे. ते शासनाकडे मागितलेच पाहिजे. पण कमान रंगवून वर्ग रिकामा ठेवणाऱ्याच्या मागणीला वजन नसते. ज्याने आधी आपला वर्ग वाचवला, त्यालाच ती ठणकावून करता येते.