शाळेच्या गाड्या आणि सरकारची नजर

११ एप्रिल २०२४ रोजी हरियानातील महेंद्रगढ जिल्ह्यात कनीना येथे शाळेची बस उलटली आणि सहा मुले प्राणास मुकली. ईदची सुट्टी असूनही शाळा भरली होती. चालक मद्याच्या अमलाखाली असल्याचा आरोप झाला. आणि गाडीच्या योग्यता प्रमाणपत्राची मुदत केव्हाच संपली होती, हे अपघातानंतर उघड झाले. जी गोष्ट दफ्तरातील एका नोंदीवरून कोणत्याही दिवशी कळली असती, ती कळण्यासाठी बालकांचा बळी जावा लागला.

नियमांचा तुटवडा आहे, असे नव्हे. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीत वजीराबाद येथे शाळेची बस यमुनेत कोसळल्यावर सर्वोच्च न्यायालयाने राजधानीतील शालेय बसगाड्यांना वेगनियंत्रक व अनुभवी चालक सक्तीचे केले. महाराष्ट्राने २०११ साली शालेय बसकरिता स्वतंत्र नियमच केले. आपत्कालीन दरवाजा, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी यांची त्यांत तरतूद आहे. शिवाय प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी आणि तीत पालकांसह पोलीस, परिवहन व शिक्षण या खात्यांचे प्रतिनिधी असावेत, असेही ते सांगतात. कागदावर याहून अधिक काय हवे?

परंतु खरी मेख येथेच आहे. देखरेख सर्वांची, म्हणून जबाब कोणाचाच नाही. परिवहन खाते शाळेकडे बोट दाखविते, शाळा ठेकेदाराकडे. ठेकेदार प्रमाणपत्र पुढे करतो आणि पोलीस जूनमध्ये एखादी मोहीम काढून मोकळे होतात. प्रमाणपत्र मिळाले म्हणून गाडी वर्षभर सुरक्षित राहत नाही. ब्रेक झिजतात, चालक बदलतात, तिघांच्या बाकावर पाच मुले बसतात.

बेताच्या ऐपतीचा पालक आपले मूल खच्चून भरलेल्या रिक्षात बसवितो, तेही हौसेने नव्हे. त्याला बस परवडत नाही. केवळ दंडाचा बडगा उगारून हा प्रश्न सुटणार नाही. सार्वजनिक बससेवेने शाळांच्या वेळा सांभाळून फेऱ्या ठेवल्या, तरच तो रिक्षा सोडील.

तोवर सरकारने निदान एवढे करावे. प्रत्येक गाडीच्या प्रमाणपत्राची मुदत शाळेच्या फाटकावर ठळकपणे लावावी. परिवहन समितीच्या बैठकांचे इतिवृत्त शिक्षणाधिकाऱ्यांनी दर सत्रात तपासावे. आणि त्रुटी दडपल्यास नेमका कोणता अधिकारी उत्तरदायी, हे आधीच लेखी ठरवावे. अपघातानंतर नेमलेली चौकशी समिती कितीही कर्तव्यदक्ष असली, तरी रिकामे झालेले बाक ती भरून काढू शकत नाही.