चौकटीच्या डोक्यावर काय आहे?

आखाजी आटोपून लगीनसराई भरात आली की नंदुरबार, शहादा, तळोदा पट्ट्यात एक तक्रार हमखास कानावर येते: "खिडक्या बदलल्या आणि भिंतीला तडे गेले." घरात लग्न असते, रंगरंगोटी झालेली असते, जुन्या सागवानी खिडक्या जाऊन चकचकीत स्लायडिंग आलेल्या असतात आणि नव्या रंगावर लिंटेलच्या कोपऱ्यातून तिरकी भेग उमटते. घरमालक फॅब्रिकेटरला धरतो. फॅब्रिकेटर म्हणतो, मी फक्त खिडकी बसवली, तोडफोड गवंड्याची. गवंडी म्हणतो, सांगितले तेवढे तोडले. आणि शेवटी तिघे मिळून काळ्या मातीवर खापर फोडतात. ती उलटून बोलत नाही, एवढाच तिचा गुन्हा.

आमचे म्हणणे असे की या तिघांपैकी कुणीही काम सुरू होण्याआधी विचारायचा प्रश्न विचारलेला नसतो. काढायच्या चौकटीच्या डोक्यावर नेमके काय आहे?

नंदुरबारच्या माणिक चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत किंवा तापीकाठच्या जुन्या गावांत मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती अजून उभ्या आहेत. वरून सिमेंटचा गिलावा मारल्यामुळे त्या पक्क्या वाटतात, एवढेच. अशा घरांत चौकट आधी उभी केली जाई आणि भिंत तिच्या अंगाने वर चढे. वर लाकडी पाट्यांचे लिंटेल. नव्या अवस्थेत त्या पाट्या भार पेलत असतील. पण पन्नास-साठ पावसाळ्यांनंतर खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातला गिलावा वीतभर खरवडून पाहा. पाटीचे टोक बोटाने भुगा होईल इतके वाळवीने पोखरलेले सापडते आणि पाटी खाली झुकून सरळ चौकटीच्या आडव्या लाकडावर टेकलेली असते. चौकट कागदोपत्री भार घेत नाही. प्रत्यक्षात गेली कित्येक वर्षे तीच घेत आलेली असते. ती उपटली की वरच्या विटांना बसायला जागा मिळते, आणि त्या बसतात. त्या जागी आलेली ॲल्युमिनियमची पोकळ सेक्शन भार घेण्यासाठी बनवलेलीच नसते. काही आठवड्यांनी सरकती झडप मधोमध अडकू लागली, तर "ट्रॅकमध्ये कचरा अडकलाय" म्हणून ब्रश फिरवण्याआधी वर पाहावे.

दुसरे कारण आपल्या धंद्याने स्वतःच ओढवून घेतलेले आहे. जुनी खिडकी चार फुटांची, मालकाला हवी सहा फुटांची. किंवा रुंदी तेवढीच ठेवायची, पण चारही बाजूंनी ग्रॅनाइटची चौकट हवी. म्हणजे पट्टी आणि मसाला मिळून प्रत्येक बाजूला दीड-दोन इंच भिंत तासणे आले. लिंटेलचा टेकू दोन्ही बाजूंना किमान 15 सेंटीमीटर असावा, हे आपण सगळे जाणतो. प्रत्येक बाजूला तीन इंच तासले की तो निम्म्यावर येतो. वर ब्रेकरचे हादरे. होल्डफास्ट उपसताना विटांचे जे तुकडे निखळतात, ते कुणी मोजत नाही.

हिशेब साधा आहे. लिंटेलवर 60 अंशांच्या त्रिकोणातल्या विटकामाचे वजन येते असे धरू. नऊ इंची भिंत आणि चार फुटांची, म्हणजे 1.2 मीटरची खिडकी असेल, तर हे वजन साधारण 275 किलो भरते. खिडकी 1.8 मीटरची केली की तेच 620 किलोंवर जाते. रुंदी दीडपट, वजन सव्वादोन पट आणि लिंटेलला वाकवणारा जोर तिपटीहून जास्त. स्लॅब किंवा तुळई त्या त्रिकोणाच्या आत टेकत असेल, तर तिचा भार वेगळा. जुने लिंटेल यातल्या कशासाठी घातले होते, ते कोटेशनमध्ये कुठेही लिहिलेले नसते. कोटेशनमध्ये असतो चौरस फुटाचा दर. खिडकी जितकी मोठी तितके बिल मोठे, आणि भिंतीच्या बाजूने बोलायला टेबलावर कुणी नाही. ही व्यवस्था वाईट हेतूने केलेली नाही, पण तिचे फळ वाईट आहे.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडमध्ये जुन्या घरांच्या पुढे आलेल्या बे-खिडक्यांमध्ये वरचा भार लाकडी खांबांवर असे. प्लास्टिकच्या खिडक्यांची लाट आली तेव्हा अनेक ठिकाणी ते खांब साध्या चौकटी समजून काढले गेले आणि बे खचल्या. काही घरांत बाहेरच्या पदराच्या विटांखाली लिंटेलच नव्हते, लाकडी चौकटीवरच त्या बसल्या होत्या. 1 एप्रिल 2002 पासून इंग्लंड-वेल्समध्ये खिडक्या बदलण्याचे काम इमारत नियमांखाली आले. मुख्य हेतू होता घरातली ऊब वाचवणे. पण त्याच निमित्ताने भार पेलण्याच्या बाबतीत इमारत पूर्वीपेक्षा कमकुवत होता कामा नये, हेही बघावे लागू लागले. आपल्याकडे तशा नियमाची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

आता काळ्या मातीबद्दल, कारण तिला दोष देण्यात थोडे तथ्य असतेच. तापीच्या खोऱ्यातली माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. हा फेर साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत पोचतो. मे महिन्यात, पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना, ती सर्वांत जास्त आक्रसलेली असते, आणि खिडक्या बदलण्याचा हंगामही नेमका तोच. त्यामुळे काही भेगा खिडकी बदलली नसती तरी आल्या असत्या. शिवाय झरोका असो की दार, भिंतीतल्या छिद्राचा कोपरा ही कमजोर जागा. मातीमुळे आलेली भेगही तिथूनच वाट काढते. मग ओळखायचे कसे?

खिडकीच्या खाली बघा. मातीची भेग जोत्यापासून सुरू होते किंवा जोत्यापर्यंत जाते, फरशीत आणि कंपाउंडच्या भिंतीत तिचे नातेवाईक सापडतात, दारे घासू लागतात आणि गणपतीपर्यंत ती बरीचशी मिटते. लिंटेल खचल्याची भेग टेकूच्या टोकापासून पायरी-पायरीने वर चढते, दोन्ही बाजूंनी वर एकमेकींकडे झुकते, सिलच्या खाली सहसा उतरत नाही आणि पावसाळा आला तरी मिटत नाही. नवापूर किंवा धडगावच्या डोंगरात, जिथे हातभर खाली मुरूम नाहीतर खडक लागतो, तिथे मातीचे कारण सांगणाऱ्याला आधी पायाचा खड्डा दाखवायला सांगावे. भारतीय मानकांची 1984 ची एसपी 25 ही पुस्तिका भेगांच्या कारणांवरच आहे; जुनी असली तरी साइटवर ठेवण्याजोगी आहे.

आरसीसी फ्रेमच्या इमारतीत ही भीती बरीच कमी. तिथे भिंत फक्त भराव असते. चौकटीच्या कडेने गिलाव्यात उमटणारी केसासारखी रेघ तर बहुतेकदा भेग नसतेच. ॲल्युमिनियम विटेच्या तिपटीहून जास्त प्रसरण पावते, यूपीव्हीसी त्याहूनही अधिक. पश्चिमेच्या भिंतीत ती फट सिमेंटने घट्ट भरली की रेघ येणारच. तिथे फोम आणि सिलिकॉन सीलंट हवा. विषय संपला.

भार पेलणाऱ्या भिंतींच्या बाबतीत मात्र आमचा आग्रह आहे की, दर सांगण्याआधी प्रत्येक खिडकीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतला गिलावा वीतभर काढून पाहावा, आतले फोटो मालकाच्या देखत घ्यावेत आणि आधीपासून असलेल्या भेगांचेही घ्यावेत. लिंटेल कुजलेले किंवा टेकू अपुरा निघाला, तर "लिंटेल बदलणे" ही ओळ अंदाजपत्रकात वेगळी लिहावी, खिडकीच्या दरात लपवू नये. मालक कुरकुर करील. शेजारचा फॅब्रिकेटर कमी पैशांत काम घेऊन जाईल, हेही आम्हाला ठाऊक आहे. घेऊन जाऊ द्यावे.

लिंटेल बदलायचे काम अवघड नाही, फक्त घाईचे नाही. वरचा स्लॅब किंवा तुळई आधी जॅक लावून आधाराला घ्यायची. नऊ इंची भिंतीचा अर्धा पदर एका बाजूने कापायचा, कटरने. ब्रेकर बाजूला ठेवायचा. तयार आरसीसी लिंटेल किंवा हिशेबाने काढलेला लोखंडी अँगल बसवून वरची फट कोरड्या, ठासून भरलेल्या मसाल्याने बंद करायची. तो मसाला मुरला की मगच दुसऱ्या बाजूचा पदर कापायचा. चौकट सर्वांत शेवटी. मातीत बांधलेल्या भिंतीवर किंवा रुंदी वाढवायची असेल तिथे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय छिन्नी लावूच नये.

आणि भेग आलीच असेल तर पुट्टी भरू नका. एक-दोन मिलिमीटरची असेल तर तिच्यावर आडवी पातळ काचपट्टी प्लास्टरच्या दोन ठिपक्यांवर चिकटवा, भेगेच्या टोकाला पेन्सिलने खूण करा, दोन्हींवर तारीख घाला. काच तडकली किंवा भेग खुणेच्या पुढे गेली, तर हालचाल चालू आहे. रुंदी पाच मिलिमीटरच्या वर असेल किंवा झडप अडकत असेल, तर काचपट्टीचा खेळ न करता त्याच दिवशी खिडकीत जॅक लावा. बाकीच्यांनी पावसाळा जाऊ द्यावा आणि मालकाला तसे लेखी कळवावे. दुरुस्तीचा खर्च कुणाच्या अंगावर, ते काचपट्टी पाहून दसऱ्याच्या सुमारास ठरवता येईल.