नामाचे क्रियापद

गेल्या भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झाले, फराळाचे ताट पुढे आले, आणि हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आठ-नऊ जणांची टीम सांभाळणाऱ्या माझ्या भाचीने मोबाईलवर आपल्या ऑफिसातल्या भिंतीचा फोटो दाखवला. भिंतीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत पाच शब्द. मराठीत सांगायचे तर बांधिलकी, एकाग्रता, मोकळेपणा, आदर आणि धैर्य.

मास्तराची खोड जात नाही. मी म्हणालो, "पाचही भाववाचक नामं! क्रियापद एकही नाही."

ती हसली नाही. "मामा, आमचं तेच तर दुखणं होतं."

मग तिने मला थोडे शिकवले. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात, स्नोबर्ड येथे १७ जाणकार जमले आणि त्यांनी 'अजाइल' पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. कार्यपद्धती आणि साधने यांपेक्षा माणसे आणि त्यांचा आपसांतला संवाद अधिक मोलाचा, हे त्यातले पहिले सूत्र. याच घराण्यातली एक पद्धत 'स्क्रम'. काम लहान लहान टप्प्यांत करायचे, रोज १५ मिनिटे जमून कुठवर आलो ते पाहायचे, आणि टप्पा संपला की आपण कसे वागलो याचा हिशेब मांडायचा. तिच्या मार्गदर्शिकेत केन श्वेबर आणि जेफ सदरलंड यांनी २०१६ साली ही पाच मूल्ये घातली. तिथून ती भाचीच्या भिंतीवर आली.

त्याच भिंतीखाली एक नवा मुलगा रोज सकाळी सांगे, "काम चालू आहे, होईल." चौथ्या दिवशी कळले, की तो पहिल्या दिवसापासूनच अडला होता. सगळ्यांचे काम खोळंबले. मोकळेपणा त्याच्या डोक्यावर हातभर अक्षरांत लिहिलेला होता!

"पण तो बोलला का नाही?" मी विचारले.

भाची क्षणभर गप्प राहिली. "महिन्यापूर्वी दुसरा एक जण 'अडलोय' म्हणाला होता. तेव्हा 'एवढंही येत नाही?' असं सगळ्यांदेखत कोणीतरी विचारलं. ते विचारणारी मीच होते, मामा."

पुढच्या हिशेबाच्या बैठकीत तिने ते कबूल केले. मग सर्वांनी मिळून एकेक शब्द घेतला आणि एकच प्रश्न विचारला : हा शब्द आपल्यात आहे, हे परक्या माणसाला कशावरून दिसेल? मोकळेपणा म्हणजे अर्धा दिवस अडलो तर सांगायचे. आदर म्हणजे ऐकणाऱ्याने 'का?' न विचारता 'याच्याबरोबर कोण बसतं?' एवढेच विचारायचे. एकाग्रता म्हणजे हातातले काम संपल्यावाचून दुसरे उचलायचे नाही. बांधिलकी म्हणजे पेलेल तेवढेच कबूल करायचे. आणि धैर्य? आपली चूक आधी टीमच्या प्रमुखाने सांगायची. दर दोन आठवड्यांनी हे नियम तपासायचे. जो पाळला जात नाही तो बदलायचा, नाहीतर खोडायचा.

"पहिल्या सोमवारी माझी चूक सांगताना घसा कोरडा पडला," ती म्हणाली. "पण माझं संपलं, आणि तो मुलगा हळूच म्हणाला, 'मीपण अडलोय.'"

परतताना मला माझा वर्ग आठवत होता. दरवर्षी पहिल्या तासाला मी सांगतो, "न कळलं तर निःसंकोच विचारा." कोणी विचारत नाही, आणि मुलांत जिज्ञासा उरली नाही असे मी स्टाफरूममध्ये सांगतो. पण कधीकाळी कोणी विचारले असेल, तेव्हा माझा चेहरा कसा झाला होता, ते मला कुठे ठाऊक?

सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला एका कवितेशी मी थांबलो आणि म्हणालो, "या ओळीचा अर्थ मलाही नीट लागलेला नाही." वर्ग चमकला. प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. दोन दिवसांनी एका मुलीने विचारला.