लहानग्यांचे उन्हाळी शिबिर आणि आपला हिशेब

एप्रिल संपत आला की आमच्या दुकानात दोन तऱ्हेची गिऱ्हाइके वाढतात. एक लग्नाच्या बस्त्याची. दुसरी, अलीकडे काही वर्षांपासून, उन्हाळी शिबिराच्या समारोपासाठी चमकीचे साटीन मागणारी. तीन-चार वर्षांच्या मुलाला असे किती कापड लागणार? पाऊण मीटर, फार तर एक. पण एका शिबिरात चाळीस-पन्नास मुले असली की ठाण संपते. आम्ही कापड मोजून देतो, पैसे गल्ल्यात टाकतो, आणि शिबिर चांगले की वाईट हा विचार करीत नाही. तो आपला धंदा नव्हे, असेच आम्हीही बरीच वर्षे समजत होतो.

मग आमचा नातू साडेतीन वर्षांचा झाला. सुनेच्या आग्रहावरून त्यास एका शिबिरात घातले. पंधरा दिवसांचे अडीच हजार रुपये. पत्र्याच्या छपराचा हॉल, वेळ दहा ते साडेबारा. मालेगावच्या मे महिन्यात दहा वाजता पत्र्याखाली काय अवस्था होते हे येथल्या माणसाला सांगायला नको. मूल रोज लाल तोंडाने घरी येई, आणि हातात इंग्रजी अक्षरे गिरवलेला कागद. घरी आम्ही उर्दू बोलतो, बाजारात मराठी. तेथे त्याने "पानी" मागितले तर आधी इंग्रजीत माग, असे त्याला सांगण्यात येई. समारोपाच्या दिवशी तो आमच्याच दुकानातले निळे साटीन अंगावर घालून स्टेजवर उभा राहिला आणि शेवटपर्यंत रडला. घरच्या बायकांनी त्या रात्री आम्हास जे ऐकवले ते येथे छापण्यासारखे नाही.

पण हे झाले ऐपत असलेल्यांचे. ज्यांच्या मुलांना शिबिर ठाऊकच नाही त्यांचे काय, हा प्रश्न आम्हास त्याच्याही आधी पडायला हवा होता. तसा प्रसंग २०१६ च्या मे महिन्यात घडला होता. ज्याचा माल आम्ही वर्षानुवर्षे उचलतो अशा एका कारागिराच्या घरात बायको कांडी भरते. बालवाडीला सुट्टी लागलेली, चार वर्षांची मुलगी दिवसभर आईच्या पायाशी. दुपारी कांडी मशीनच्या पट्ट्यात मुलीचे बोट गेले. उजव्या हाताच्या बोटाचे वरचे पेर गेले ते गेलेच. त्या संध्याकाळी कारागिराचा फोन आला की माल दोन दिवस उशिरा मिळेल. आम्ही पहिला प्रश्न केला, "दोन दिवस की चार?" कारण नंतर विचारले. ही गोष्ट आम्ही आजवर कोणास सांगितली नव्हती. ती मुलगी आता हायस्कुलात आहे. बापाबरोबर कधी पेढीवर आली की आमचे लक्ष आधी तिच्या हाताकडे जाते.

लहान मुलांना सुट्टी असते. त्यांच्या आयांना नसते. मे महिन्यात आमच्या मोहल्ल्यातले सगळे दुखणे या एका गोष्टीत आहे. मोठी मुले मामाकडे जातात, पतंग उडवितात, मोसम नदीच्या पुलावर उगाच फिरतात. तीन ते सहा वर्षांचे मूल कोठे जाणार? ते कांडीजवळ, सुताच्या धुरळ्यात, लूमच्या खडखडाटात किंवा रस्त्यावर असते.

यावर विचार करणारे आम्ही पहिले नाही. डॉक्टर मारिया मॉन्टेसरी बाईंचे पहिले बालगृह १९०७ साली रोम शहराच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत निघाले. आईबाप कामावर जात आणि मागे राहिलेली मुले इमारतीत धुडगूस घालीत, म्हणून ते काढावे लागले. आज त्या बाईंच्या नावाच्या पाट्या महागड्या शाळांवर दिसतात, पण आरंभ मजुरांच्या मुलांपासून झाला. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच काम केले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून ताराबाईंनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. पाने, खडे, शिंपले, बिया हेच त्यांचे शिक्षणाचे साहित्य. सरकारने १९७५ साली बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांना आज आपण अंगणवाडी म्हणतो. कायद्यानेही काही केले नाही असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामास असल्या तरी ती लागू होई. पण घरात एक कांडी मशीन टाकून बसलेल्या बाईला हा कायदा कोठून लागणार?

आता अर्ध्या दिवसाविषयी. पुष्कळ लोक म्हणतात की अर्धाच दिवस ठेवायचा तर ठेवता कशाला. आमचे मत उलट आहे. केंद्र सरकारच्या २०१३ च्या बालसंगोपन व शिक्षण धोरणाबरोबरच्या निकषांत या वयाच्या मुलांसाठी तीन ते चार तासांचाच कार्यक्रम सांगितला आहे, वीस मुलांमागे एक मोठे माणूस सांगितले आहे, आणि भाषा मुलाच्या घरची. म्हणजे तीन तास ही काटछाट नव्हे, तेच खरे माप. शिवाय आमच्या गावात सकाळी साडेसात ते साडेदहा एवढाच काळ उन्हाळ्यात माणसासारखा असतो. तेवढ्या वेळात आईचे कांडीचे बरेचसे काम निघते, मूल ऊन चढण्याआधी घरी पोहोचते, जेवते आणि झोपते.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही चार व्यापाऱ्यांनी मिळून हे करून पाहिले. एका प्राथमिक शाळेच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या सुट्टीपुरत्या मागून घेतल्या. बाके बाहेर काढून चटया अंथरल्या. चाळीस नावे आली, रोज येणारी बत्तीसच्या आसपास. मोहल्ल्यातल्याच शिकलेल्या दोन मुली शिकवायला आणि एक वयस्कर खाला मदतीला.

पहिले तीन दिवस नुसती रडारड. आमच्यातले एक गृहस्थ तर दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "शेठ, हे दुकान बंद करा." चौथ्या दिवशी खालांनी दुकानातून आणलेले पोते उलटे केले. त्यात रिकाम्या कांड्या, सुताचे कागदी कोन, ठाणांतले पुठ्ठे, कटपिसाच्या चिंध्या, जुनी शेडकार्डे. मुले तुटून पडली. कोनांची उतरंड रचायची, चिंध्या रंगाप्रमाणे लावायच्या, पुठ्ठ्याच्या भोकांतून दोरा ओवायचा. पाण्याच्या टबात कोणती कांडी तरंगते, कोणती बुडते, यावर एक पूर्ण सकाळ गेली. आम्ही ज्याला भंगार म्हणून किलोवर विकतो त्याची किंमत त्या दिवशी कळली. मात्र बटणे, मणी, सुया आत येऊ द्यायच्या नाहीत, ही ताकीद पहिल्या दिवसापासून होती. या वयात हातातली वस्तू तोंडात जाते.

मूल कोणाबरोबर आले आणि कोण घेऊन गेले याची वही आम्ही आमच्या मालाच्या आवक-जावक वहीसारखी ठेवली. ज्याचे नाव लिहिलेले नाही त्याच्या हाती मूल द्यायचे नाही, मग तो सख्खा चुलता असो. यावरून दोन भांडणेही झाली. झाली तर झाली.

काही वडील येऊन विचारीत, "अलिफ-बे किती झाले?" आम्ही त्यांना उलट विचारीत असू की तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला तुम्हांला आधी काय लागले, वाचता येणे की बोटे चालणे? कारागीर माणसाला हे लगेच पटते. बोटांत जोर येण्याआधी हाती पेन्सिल दिली तर मूल पेन्सिलचा राग करते. आमच्यासारख्या दुकानदारांनाच हे समजायला वेळ लागतो, कारण आम्हास पावती हवी असते.

आता हिशेब. दोन्ही मुलींना प्रत्येकी आठ हजार, खालांना पाच हजार, मिळून एकवीस हजार. शुक्रवार वगळून चोवीस दिवस. खाऊ म्हणून केळे, चणे-गूळ, कधी खिचडी, मुलामागे रोज पंधरा रुपये धरून ११,५२० रुपये. चटया, रंग, पाण्याचे मडके, औषधाची पेटी, साखर-मिठाच्या पाण्याच्या पुड्या यांचे सहा हजार. एकूण ३८,५२० रुपये. मुलामागे दोनशे रुपये फी घेतली, ते आठ हजार वजा. बाकी चौघांत वाटली तेव्हा प्रत्येकाच्या वाट्यास ७,६३० रुपये आले. गिऱ्हाइकांना वाटायच्या कॅलेंडरांवर आम्ही याहून जास्त घालवितो.

फी कशाला, फुकट का नाही, असे एक सन्माननीय मित्र अजूनही विचारतात. आमचा अनुभव असा की फुकटच्या वस्तूवर लोक भरवसा ठेवीत नाहीत. ज्यांना दोनशेही जड होते अशा सहा घरांची फी खालांनी गुपचूप आमच्याकडून घेऊन भरली. ती वरच्या हिशेबात मिळालेली धरली आहे, आणि ती घरे कोणती हे आम्ही विचारले नाही.

चूक मात्र आमच्याकडून एक मोठी झाली. त्या दोन मुलींचा पगार देताना आम्ही आठ दिवस उशीर केला. आमच्यातल्या एकाने तर, ही सेवा आहे, पैशाची घाई काय, असेही बोलून दाखविले. एक मुलगी पुन्हा येणार नाही म्हणून सांगून गेली, आणि तिचे बरोबर होते. आपण मुकादमाला सेवा म्हणून राबवितो का? हमालाचे पैसे सायंकाळी द्यावे लागतात हे आपणास बरोबर ठाऊक असते. मग बत्तीस लेकरे तीन तास सांभाळणाऱ्या पोरीचेच पैसे का थकतात? पुढच्या वर्षी माणसे मिळाली नाहीत त्याचे कारण हेच, आणि शिबिर तेथेच थांबले.

व्यापारी बंधूंनो, मार्चअखेरीस आपण खाती मिटवितो तेव्हाच ही रक्कम बाजूला काढावी आणि पगाराची निम्मी रक्कम शिबिर सुरू होण्याआधी हाती द्यावी, असे आमचे म्हणणे आहे. शाळेच्या खोलीची लेखी परवानगी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच मागावी, नंतर चावी असलेला माणूस गावाला गेलेला असतो. जी मुलगी सोडून गेली तिच्या घरी आम्ही स्वतः जाऊन आलो. ती "पाहू" म्हणाली आहे. चटया आमच्याकडे गोदामात गुंडाळून ठेवलेल्या आहेत, आणि कोनांची दोन पोती यंदा भंगारवाल्यास दिलेली नाहीत.