बरोबरी करायची तर गाडी सारखी हवी

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शर्यत म्हटली की शंकरपट. मोटारींची शर्यत इथे कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही, पण मोबाइल आल्यापासून पुसद, दिग्रस, उमरखेडची पोरं फॉर्म्युला वनच्या चालकांची नावं घडाघडा सांगतात आणि कोण भारी यावर रात्री उशिरापर्यंत वाद घालतात. मोठ्यांना हा रिकामा उद्योग वाटतो. आम्हाला मात्र या वादात घराच्या कामाची एक गोष्ट सापडली, म्हणून या वेळी तिच्यावर लिहीत आहोत.

फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघाच्या दोन गाड्या आणि दोन चालक असतात. इंजिन एकाच बनावटीचं, कारखाना एक, मालक एक. म्हणून या खेळातले जाणकार सांगतात की चालकाचा पहिला मुकाबला त्याच्या स्वतःच्या जोडीदाराशी असतो. दुसऱ्या संघाचा चालक पुढे गेला तर गाडी चांगली होती असं म्हणता येतं. जोडीदार पुढे गेला तर ती सबब चालत नाही.

आपल्या मुंबईचा जेहान दारुवाला याचंच उदाहरण घ्या. २०१९ साली फॉर्म्युला थ्रीमध्ये तो प्रेमा या नावाजलेल्या संघात होता आणि वर्षाअखेर तिसरा आला. त्याच स्पर्धेत जपानचा युकी त्सुनोदा जेन्झर या लहान संघाकडून धावत होता, तो नववा आला. कागद पाहून कोणीही म्हणेल, दारुवाला पुढचा. २०२० साली दोघं फॉर्म्युला टूमध्ये कार्लिन या एकाच संघात आले. त्या वर्षी त्सुनोदा २०० गुणांसह तिसरा आला आणि दारुवाला ७२ गुणांसह बारावा. दारुवालाने डिसेंबरात बहरीनची एक शर्यत जिंकली, पण २०२१ साली फॉर्म्युला वनची जागा मिळाली ती त्सुनोदाला.

म्हणजे दारुवाला कच्चा होता का? तसंही नाही. २०२२ साली तो पुन्हा प्रेमा संघात गेला. तिथे त्याचा जोडीदार नॉर्वेचा डेनिस हाउगर, आदल्या वर्षीचा फॉर्म्युला थ्रीचा विजेता. त्या मोसमात दारुवाला सातवा आला आणि हाउगर दहावा. एका वर्षाच्या निकालावर माणसाची किंमत ठरवली तर ती किती चुकू शकते, हे यावरून दिसतं.

मोजायची पद्धत बदलली तरी निकाल बदलतो. १९८८ साली मॅक्लारेन संघात ब्राझीलचा आयर्टन सेना आणि फ्रान्सचा अ‍ॅलन प्रोस्ट हे जोडीदार होते. मोसमातल्या १६ शर्यतींपैकी १५ या संघाने जिंकल्या. सेनाने ८, प्रोस्टने ७. सगळे गुण मिळवले तर प्रोस्टचे १०५ आणि सेनाचे ९४. पण तेव्हाचा नियम असा की प्रत्येकाच्या फक्त सर्वांत चांगल्या ११ शर्यती धरायच्या. त्या हिशेबाने सेनाचे ९० झाले, प्रोस्टचे ८७, आणि विजेता सेना ठरला. एकाच मोसमाचे दोन हिशेब, दोन उत्तरं. दोघांतली कटुता मात्र वाढतच गेली. १९८९ साली जपानच्या सुझुका इथे दोघांच्या गाड्या एकमेकींना धडकल्या आणि पुढच्या वर्षी प्रोस्ट फेरारी संघात निघून गेला.

शिवाय एकाच संघाच्या दोन गाड्या तरी अगदी सारख्या असतात का? नवा सुटा भाग कधी एकच तयार असतो आणि तो एकाच्याच गाडीला आधी लागतो. चाकं बदलायला आधी कोणाला बोलवायचं, हे संघ ठरवतो. कधी तर मागच्याला वाट दे, असा हुकूमही येतो. म्हणून नुसता निकाल पाहून जाणकार मत देत नाहीत. कोणाला काय मिळालं होतं, हे आधी विचारतात.

आता घरात येऊ या. बारावीचा निकाल लागला की चुलते, मामू, शेजारी सगळे दोन भावंडांना समोरासमोर उभं करतात. भावाला ७५ टक्के, बहिणीला ७० टक्के. लगेच ठरतं की मुलगा हुशार, त्याला नागपूरला किंवा अमरावतीला शिकायला पाठवू, मुलीचं इथेच काहीतरी पाहू. तो शिकवणीला जात होता, ही सकाळी पाणी भरून, भाकरी करून, लहानग्याला तयार करून कॉलेज गाठत होती. त्याला अभ्यासाला वेगळी खोली, हिला सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातला दिवा. दोघं एका छताखाली राहतात म्हणून दोघांना गाडी एकच मिळाली, असं आपण धरून चालतो. खरं तर तिचे ७० टक्के कोणत्या गाडीवर आले, हे कोणी विचारलेलंच नसतं.

हेच दोन भावांच्या बाबतीत होतं. थोरल्याने दहावीनंतर अब्बांच्या गॅरेजचा भार उचलला आणि धाकटा इंजिनिअर झाला. मग लग्नकार्यात सगळ्यांसमोर थोरल्याला ऐकवलं जातं, भावाकडे बघ. धाकट्याची फी कोणत्या गल्ल्यातून गेली, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात राहत नाही. असा टोमणा मुलं विसरत नाहीत. मोठेपणी वाटणीच्या वेळी भाऊ भावाशी बोलेनासा होतो, तेव्हा आपण शेतजमिनीला दोष देतो.

आमचं म्हणणं असं नाही की बरोबरी करूच नये. शिकवायला पैसा कमी असेल तर कोणाला आधी पाठवायचं, हे आईबापांना ठरवावंच लागतं. पण ठरवण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. दोघांना वेळ, पैसा आणि शांतता सारखी मिळाली होती का? आपण मोजतो आहोत ते एका परीक्षेचे गुण आहेत की दोन-चार वर्षांची मेहनत? आणि नवा सुटा भाग दर वेळी एकाच्याच गाडीला लागतो आहे का? तिसऱ्याचं उत्तर हो असेल, तर या वर्षी तो दुसऱ्याला द्यावा. मुलीला सहा महिने पाणी भरण्यातून आणि चुलीवरून मोकळीक द्या, शिकवणी लावा, मग गुण पाहा.

शेवटी आपल्या पटाकडेही पाहावं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाल्यावर विदर्भात पट पुन्हा भरू लागले. तिथे घड्याळ लावून वेळ मोजतात ती जोडीची. एक बैल तेज आणि एक मंद असला तर छकडा वाकडा जातो, हे धुरकऱ्याला ठाऊक असतं. म्हणून चारा-पेंड घालताना तो दोन्ही दावणींकडे पाहतो, आणि मागे पडणाऱ्याकडे जरा जास्त.